चारठाणकरांच्या घरचं बारसं

जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडच्या एका गावात धुरपताबाई वाव्हळे राहायची. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायची. खुरपायला बसली की तिच्या बरोबरीला कुणी येत नसे, आणि बोलायला लागली की तिच्यापुढे कुणी उभं राहत नसे. वस्तीत लेकरू जन्माला आलं की नाव जाहीर करायला तिलाच बोलवायचे. ती पांढरं लुगडं नेसून यायची, त्रिशरण-पंचशील म्हणायची, लेकराला हातांवर घ्यायची आणि त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं पार वेशीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं उच्चारायची. धुरपताबाई विधवा होती, पण त्यावरून वस्तीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तर तिनं त्याचं काय केलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एखादी नवी सून भीतभीत म्हणायची, "आत्याबाई, लेकरू दचकायलंय. जरा हळू घ्या की नाव."

"दचकू दे," धुरपताबाई फणकारायची. "माझ्या सासऱ्याचं नाव गावानं कचरू ठिवलं हुतं. त्याच्या बापाचं धोंडू. चांगलं नाव ठिवायची आपल्याला मुभाच नव्हती. आता हाय, तर ते गावाला ऐकू गेलंच पायजे."

ते गावाला ऐकू गेलं आणि महागातही पडलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. धुरपताबाईनं ते विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं, औरंगाबादसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण ज्यांच्या शेतात तिनं आदल्या दिवसापर्यंत खुरपणी केली होती, तीच माणसं रॉकेलचे डबे घेऊन वस्तीत आली. घर जळलं, कणगीतली ज्वारी जळली. नवरा सूर्यभान भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढायला आत शिरला आणि बाहेर येताना त्यांच्या तावडीत सापडला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं त्याला. तो पुन्हा नीट उभा राहिलाच नाही; पुढच्या उन्हाळ्यात गेला. नंतर दत्तराव नावाच्या बड्या शेतकऱ्याचा निरोप आला, की झालं गेलं विसरा, कामावर या, फक्त चावडीसमोरून जाताना जय भीम तेवढं म्हणू नका. धुरपताबाईनं निरोप आणणाऱ्यालाच असं फैलावर घेतलं की तो बिचारा चपला तिथंच टाकून पळाला. मग गावात तिला काम मिळेना. ती कोसकोस चालत दुसऱ्या गावांना मजुरीला गेली, पण चावडीसमोर तिचा आवाज तसूभरही खाली आला नाही.

हे सगळं तिच्या मुलानं, भुजंगनं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. बापाला दांडे पडत होते तेव्हा तो ज्वारीच्या धाटांत लपून बसला होता. पुढे त्यानं परभणीला आयटीआय केली, मशीनचं काम शिकला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं पार कोकणात, एका बंदराच्या गावी, बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागला. त्या बंदराचं नाव राहू द्या. सांगितलं तर तिथली माणसं "आमच्याकडे असलं काही नाही" म्हणत अंगावर येतील, आणि शेजारच्या बंदरातली माणसं आपण त्या गावचे नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात भुजंगचा सांगावा आला, की मुलगा झालाय, नाव सागर ठरवलंय, बारशाला ये. सुमनची, म्हणजे सुनेची, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिचं बाळंतपण तिथंच झालं होतं. भुजंगला बहीणही नव्हती. म्हणजे नाव घ्यायला धुरपताबाईच. तिनं पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून ठेवलं. वस्तीतल्या बायांनी मिळून एक वाकळ शिवून दिली. देवगाव फाट्यावर पुण्याच्या एस्टीत बसवायला अर्धी वस्ती आली होती. एवढ्या लेकरांची नावं तिनं घेतली होती, पण स्वतःच्या नातवाचं नाव ही गोष्टच वेगळी. ती गाडीत बसल्या बसल्या ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती.

भुजंग पुण्याला स्वारगेटवर न्यायला आला. त्यानं तिला उसाचा रस पाजला आणि शेजारच्या दुकानातून एक लांब बाह्यांची, पार मनगटापर्यंत येणारी चोळी घेऊन दिली.

"थंडी वाजती का रं तिकडं?" तिनं विचारलं.

"घाल तू, माय," एवढंच तो म्हणाला.

लेकाला आपली काळजी आहे, म्हणून ती मनातल्या मनात सुखावली. कोकणची गाडी घाट उतरली, नारळी-पोफळी सुरू झाल्या. बंदर आता एका टेकडीपलीकडे उरलं, तेव्हा भुजंगनं खिडकीबाहेर बघत तोंड उघडलं.

"माय, तिथं मला चारठाणकर म्हनतेत."

"कामून? आपलं आडनाव काय झालं?"

"खोली मिळंना गं. आडनाव सांगितलं की इचारायचे, कुणापैकी? सांगितलं की म्हनायचे, खोली कालच दिली. पंधरा ठिकानी फिरलो. शेवटी एका ठिकानी तोंडातून चारठाणकर निघालं. तिकडं समद्यांचीच आडनावं तशी असतेत, गावावरून. कुणी पुढं इचारलंच न्हाई."

चारठाणा म्हणजे जुन्या देवळांसाठी ओळखलं जाणारं गाव, त्याचं नाव लावलं की ऐकणाऱ्याला वाटावं घराणं पूजाअर्चेतलं असेल. पोरानं डोकं चालवलं होतं, यात शंका नाही.

"आन तुझ्या बापाचं आडनाव?"

"कागदावर हाय की."

"कागदाला कुणी हाका मारत न्हाई, भुजंगा."

"लेकराकडं बघून गप ऱ्हा, माय. सुमन बाळंतीण हाय. चार दिवसांचा सवाल हाय. जय भीम म्हनू नको कुणाला. आन ती चोळी घाल."

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. लग्नानंतर जिंतूरच्या बाजारात तिनं हातावर गोंदवून घेतलं होतं, कोपरापासून मनगटापर्यंत, ठसठशीत अक्षरांत, जय भीम. थंडीबिंडी काही नव्हती. आईचा हात झाकायचा होता.

त्याच वेळी गाडी टेकडीवर आली आणि झाडांच्या मागून समुद्र निघाला. धुरपताबाईनं जन्मात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. ऊन पडून सगळं चमकत होतं, मधोमध पाण्यातच एक काळा किल्ला बसला होता, आणि होड्यांची निशाणं फडफडत होती. गाडीतली माणसं बोटं दाखवत होती. भुजंगही म्हणाला, "बघ माय, समिंदर." धुरपताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हेच दाखवायचं होतं तर आधी दाखवायचं आणि मग सांगायचं, तेवढीही अक्कल नाही ह्याला! एवढं मोठं पाणी, एवढं मोठं आभाळ, आणि माझ्या लेकाला स्वतःचं नाव सांगायला जागा नाही. तिनं खिडकीकडे पाठ केली आणि गाव येईपर्यंत समुद्राकडे पाहिलं नाही.

पण चोळी तिनं घातली. बाळंतिणीचा सुकलेला चेहरा आणि ते मुठीएवढं लेकरू पाहिलं आणि तिनं दातओठ खात त्या लांब बाह्या अंगावर चढवल्या. ह्याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधीही माफ केलं नाही.

खोली सुलाबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला होती. सुलाबाई म्हणजे मालकीण. गल्लीत त्यांना सगळे मान देत. बाई वाईट होती असं म्हणता यायचं नाही. सुमनला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईणीला बोलवायला त्या स्वतः धावल्या होत्या. रोज दाराशी येऊन चौकशी करायच्या, बाळासाठी नारळाचं तेल द्यायच्या. फक्त दाराच्या आत कधी यायच्या नाहीत. सुमननं चहा पुढे केला की म्हणायच्या, "राहू दे गो, आज माझा उपास." दुसऱ्या दिवशीही उपास, तिसऱ्या दिवशीही उपास. ह्या बाईच्या उपासाला वार म्हणून नव्हता. पाणी भरायचं तर पुढच्या अंगणातली विहीर सोडून भुजंगच्या घरानं गल्लीच्या टोकाचा नळ धरायचा. विहिरीचं पाणी मचूळ आहे, असं भुजंग सांगायचा. सुलाबाईंच्या घरचे मात्र ते मचूळ पाणी खुशाल प्यायचे.

"हिला ठाव हाय," धुरपताबाई म्हणाली.

"काय बी काय बोलायलीस, माय! ठाव असतं तर ठिवलं असतं का?"

धुरपताबाईनं अशा नजरा आयुष्यभर वाचल्या होत्या. पण लेकाच्या तोंडावरचा विश्वास पाहून ती मूग गिळून बसली.

बारशाच्या आदल्या दिवशी भुजंग तिला बंदर दाखवायला घेऊन गेला. मन वळवायचं होतं त्याला. किनाऱ्यावर लिलाव चालला होता. ओल्या वाळूत मासळीचे ढीग, भोवती बायकांचा गराडा, आणि त्यांचा असा काही गलका की जिंतूरचा बैलबाजार मुका वाटावा. मोठ्या होड्या दूर उभ्या होत्या आणि बैलगाड्या सरळ पाण्यात जाऊन मासळी आणत होत्या. पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे असलेले ते बैल पाहून धुरपताबाई हळहळली. भुजंग उत्साहानं सांगत होता, हा किल्ला किती जुना, कुठल्या राजानं बांधला, आरमार कसं होतं, परदेशी गलबतं ह्याला कशी टरकून असायची. त्याच्या कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्या हातगाड्यांवरून येत होत्या, त्याही त्यानं दाखवल्या. पोरगा ह्या गावाच्या प्रेमात पडला होता. ह्या गावाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, आणि स्वतःचा मात्र त्यानं टेकडीपलीकडे ठेवून दिला होता.

"बास कर तुझे राजे," ती म्हणाली.

पायाला चिखल लागला होता. ती पाण्याशी गेली, आणि धुवायला म्हणून तिनं सवयीनं बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक काळीसावळी, काटक बाई तिच्या शेजारून चालली होती. तिची नजर हातावर गेली आणि ती थबकली.

"जय भीम, आई," ती म्हणाली. भर लिलावात, पाटीतून पाणी गळत असताना, स्वच्छ खणखणीत.

"जय भीम, बाई!" धुरपताबाईच्या तोंडून निघालं. किती दिवस कोंडून ठेवलेलं होतं ते.

बाईचं नाव कुसुमबाई. टेकडीमागच्या बौद्धवाडीत राहायची, लिलावातली मासळी गाडीपर्यंत वाहून न्यायची. "कुठून आलात? कोणाकडे उतरलात?" असं ती विचारत होती, आणि धुरपताबाईनं मागे वळून भुजंगकडे बोट दाखवलं. भुजंग त्याच क्षणी पाठमोरा झाला आणि किल्ल्याकडे टक लावून पाहू लागला.

"हे तर चारठाणकर, बर्फवाले," कुसुमबाई म्हणाली आणि तिला काय ते समजलं. तिनं एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा धुरपताबाईकडे. रागावली नाही. "वाडीत या कधीतरी, आई. सगळे आपलेच आहेत," एवढं बोलून ती पाटी सावरत निघून गेली.

परतीच्या वाटेवर धुरपताबाईनं त्याला सोडलं नाही. "ती बाई डोक्यावर मासळी वाहती, तिला भ्या न्हाई. आन तू इस्तरीची पँट घालून पाठ फिरवतूस? माझ्याकडं पाठ फिरवलीस का तिच्याकडं?"

"तिची वाडी हाय, माय. तिच्या मागं मानसं हायेत. मी इथं एकटा हाव!"

"एकटा कामून हाईस? वाडी टेकडीमागं तर हाय. दोन वरसांत टेकडी चढाया जमली न्हाई तुला?"

भुजंग रडकुंडीला आला. म्हणाला, "उद्या तेवढं सांभाळ. नाव नुसतं सागर म्हन, पुढचं काय बी नको. समद्या गल्लीतल्या बाया यायल्यात. खोली गेली तर ह्या लेकराला घेऊन कुटं जाऊ? मालकाच्या कानावर गेलं तर नोकरीचं काय?"

"मी अर्धं नाव घेत न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "घेणार बी न्हाई. उद्या बघ तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पांढरं लुगडं नेसून तयार झाली. सुलाबाईंनी आपल्या ओटीवरच पाळणा बांधला होता, फुलांच्या माळा सोडल्या होत्या. गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवानं माखलेल्या, हसतखिदळत जमल्या होत्या. सुलाबाई दाराशी आल्या, पांढऱ्या लुगड्याकडे पाहून जराशा अडखळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, तुम्ही आतच बसा हं. पाळण्याचं काम सवाष्णींचं. तुम्हाला वाईट वाटू देऊ नका, पण बाळाच्या दृष्टीनं... आत्या म्हणून मी आमच्या जावेला उभी करते."

धुरपताबाईला आधी कळलंच नाही. तिनं भुजंगकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. म्हणेल, आमच्यात हे नसतं, माझी आईच नाव घेणार आहे, ती त्यासाठीच आली आहे. भुजंग सतरंजीची सुरकुती काढत बसला होता.

सुमन उठली, बाळाला पदराखाली घेऊन बाहेर गेली. जाताना तिनं सासूच्या पायांवर डोकं टेकलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

धुरपताबाई चुलीशी बसून राहिली. बाहेर पाळणा म्हणायला सुरुवात झाली. नवरा मेल्यावर इतकी वर्षं तिला कुणी अपशकुनी म्हटलं नव्हतं. ज्या बाबासाहेबांच्या नावामुळे तिला अपशकुनी म्हणायची कुणाची छाती नव्हती, तेच नाव पोरानं पुसलं. आणि ते पुसल्याबरोबर तिला पुन्हा चुलीमागे बसवलं गेलं. ह्याचसाठी सूर्यभान मार खाऊन मेला होता काय? जाळपोळ करणाऱ्यांना जे जमलं नाही ते तिच्या पोटच्या पोरानं चार गोड शब्दांत करून दाखवलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पदर खोचला.

ती ओटीवर आली तेव्हा सुलाबाईंची जाऊ बाळाच्या कानाशी वाकत होती. धुरपताबाईनं तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि पाळण्यातून लेकरू उचललं. कुणाला काही सुचायच्या आत तिनं त्याला दोन्ही हातांवर धरलं, "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं, आणि आवाज मोकळा सोडला.

"सागर भुजंग वाव्हळे! सूर्यभान वाव्हळेचा नातू, जिल्हा परभणी! जय भीम!"

लेकरू दचकून रडायला लागलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, मग एकेक जण पदर सावरत उठली. घुगऱ्यांच्या पुड्या जिथल्या तिथं राहिल्या आणि ओटी पाचदहा मिनिटांत ओस पडली.

सुलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या चिडल्याही नव्हत्या. एखाद्या अडाणी पाहुणीनं चांगली काचेची बरणी फोडावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काय केलंत हे, आजी?" त्या म्हणाल्या. "अहो, आम्हाला ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मला, ह्यांना, कारखान्याच्या मालकांना, सगळ्या गल्लीला. कोणी कधी एका शब्दानं बोललं का? मुलगा चांगला, वेळेवर भाडं देतो, पायरी ओळखून राहतो. आम्ही सांभाळून घेत होतो. आता तुम्हीच चारचौघींत बोललात, म्हणजे मला कळलं असं झालं. आता मला खोली रिकामी करून मागावी लागेल. माझा नाइलाज आहे."

धुरपताबाई दोन पावलं पुढे आली.

"बाई," ती म्हणाली, "आमचं घर जाळलं ती मानसं परवडली. ती आमचं नाव तोंडावर घेऊन शिव्या देत हुती. तुमी तर आमचं नावच गिळलंव, आन वरून म्हनता, सांभाळून घेतलं!"

सुलाबाई उठून आत गेल्या. दार त्यांनी अगदी हळू लावून घेतलं.

धुरपताबाई वळली, ती भुजंगला फाडून खायलाच. पण भुजंग पायरीवर मटकन बसला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"समद्यांना ठाव हुतं," तो म्हणाला. "माय, कारखान्यात दुपारी डबे खाताना ते नामांतरवाल्यांचे किस्से सांगायचे. जयभीमवाले कसे, सरकारचे जावई कसे, कसं हानलं पायजे. माझ्याकडं बघून सांगायचे. म्हनायचे, काय चारठाणकर, खरं की न्हाई? आन मी हसायचो. समद्यांत मोठ्यानं मीच हसायचो, कुणाला शंका नको म्हनून." त्यानं सुलाबाईंच्या बंद दाराकडे पाहिलं. "ते मी कसा हसतो ते बघायला सांगत हुते, माय."

त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं कुणाही आईला वाटलं असतं. धुरपताबाईलाही वाटलं, आणि तिनं तो हात आवरला. आता जर ती मऊ पडली असती, तर हा पोरगा रडून मोकळा झाला असता आणि उद्या दुसऱ्या बंदरात दुसरं आडनाव शोधत हिंडला असता.

"ऊठ," ती म्हणाली. "घे लेकरू."

सुमननं पुढे होऊन सासूकडून बाळाला घेतलं आणि त्याच्या हातांत दिलं. ती पहिल्यांदाच त्याच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली होती.

"मी नाव घेतलं ते माझ्या जिवासाठी," धुरपताबाई म्हणाली. "बाप तू हाईस. तू घे. तिकडं तोंड कर, रस्त्याकडं."

रस्त्यापलीकडे चारपाच माणसं जाळी विणत बसली होती. कारखान्याचा एक हमाल हातगाडी थांबवून विडी पेटवत होता. भुजंग ओटीच्या कडेला उभा राहिला. 

"सागर भुजंग... वाव्हळे," तो म्हणाला. शेवटचं अक्षर त्याच्या गळ्यातच राहिलं.

हमालानं मान वर केली आणि दात काढत विचारलं, "काय म्हणालात, चारठाणकर?"

बाळ रडत होतं. धुरपताबाई मुलाच्या पाठीशी उभी होती, पण तिनं त्याला हात लावला नाही, की त्याच्यासाठी तोंड उघडलं नाही. भुजंगनं लेकराला छातीशी घट्ट धरलं, ओटीची पायरी उतरली, रस्ता ओलांडून त्या हमालाच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला आणि पहिल्यापासून पुन्हा नाव घेतलं.